बेचाळीस घरांची निळी फाईल

१

शुक्रवारी सकाळी आठ वाजता फ्रिजवर पावाची पिशवी होती, विजेचं बिल होतं, दोन दात पडलेला कंगवा होता. निळी फाईल नव्हती.

भाच्याने फ्रिज पुढे ओढला, मागे पाहिलं. झाडूने खालचं उकरलं, तर एक बटण आणि वाळलेलं लिंबू निघालं. मग तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि त्याने मावशीला फोन लावला. गेल्या चाळीस वर्षांत त्या घराण्यात जे जे हरवलं, ते शोधायला मावशीलाच बोलावलं होतं.

मावशी म्हणजे मुकादमबाई. मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं त्या सफाईच्या मुकादम होत्या. चारशे बारा खिडक्या, नव्वद बायकांचा ताफा. रद्दी कागद आणि शिरका घेऊन काच कशी चकचकीत करायची, हे त्यांनी स्वतः बादली उचलून शिकवलं होतं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी आयुष्यभराची खोड जाते थोडीच? त्या कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी काचा पाहायच्या, मग माणसं.

त्या साडेआठला पोचल्या तेव्हा भाचेसून दारातच उभी होती.

"मावशी, त्या काचा पुसणाऱ्या शिडीवाल्यांनीच नेली. दुसरं कोण नेणार? सकाळी सातला ते आमच्या खिडकीला लटकलेले होते."

"आधी चहा टाक सूनबाई," मुकादमबाई चपला काढत म्हणाल्या. "चोर तर पळून गेलाय, निदान चहा तरी हाताला लागू दे."

भाचा हसला नाही. त्याने मोबाईल पुढे केला. "मावशी, आता फक्त चोरीचं राहिलं नाही. कंपनीच्या साहेबांचा फोन येऊन गेला. फाईल गोपनीय होती म्हणतात. ती बाहेर गेली तर सगळं नुकसान माझ्याकडून भरून घेणार. नाहीतर उद्या बाराला गुपचूप सही करायची, म्हणजे फाईलचा विषय संपला."

मुकादमबाईंचा हात चपलेवरच थांबला.

२

गोष्ट अशी होती. भाचा नोकरीला होता तो छापखाना बंद पडला होता. अठरा वर्षांच्या नोकरीची जी काही रक्कम एकदाच हातात आली, ती त्याने अजून मोडली नव्हती. घर, होस्टेलवरच्या मुलीचं शिक्षण, म्हातारपण, सगळं त्या एका रकमेवर उभं होतं. आणि तेवढ्यात टायवाला आला. फोनवरचे साहेब ते हेच.

टायवाल्याची कंपनी काचा पुसण्याची फ्रँचायझी विकत असे. पैसे भरा, कंपनीचं नाव घ्या, लांब दांड्याचं यंत्र घ्या, आणि या भागातली बेचाळीस बांधलेली गिऱ्हाइकं तुमची. "तुम्हाला फडक्याला हात लावायचाही नाही. तुम्ही मालक!" असं त्याने सोफ्यावर बसून सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून मुकादमबाईंच्या कपाळाची शीर उडत होती. फडक्याला हात लावायची लाज वाटावी, असं त्या फडक्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं? त्यांच्या नव्वद बायकांनी त्याच फडक्यावर पोरं डॉक्टर केली होती.

तरीही त्या म्हणाल्या होत्या, "धंदा वाईट नाही. काचा रोज मळतात. पण आधी गिऱ्हाइकं डोळ्यांनी बघ."

म्हणून टायवाल्याने ती निळी फाईल दोन दिवसांसाठी दिली. फोटो काढायचा नाही, नक्कल करायची नाही, घरोघर जाऊन विचारायचं तर मुळीच नाही. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मुकादमबाईंनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं होतं. घराची खूण, खिडक्यांची संख्या, महिन्याचा दर. पंधराएक घरं. त्या वेळी तिथे कोण होतं, ते त्यांना आता स्वच्छ आठवलं: भाचा, भाचेसून, आणि भाचेसुनेचा धाकटा भाऊ छोट्या. छोट्या सहा फूट उंच होता आणि बेकरीची पावाची गाडी चालवायचा.

पहिल्याच पानावर मेट्रनबाईंचं घर होतं. इस्पितळातल्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीचं.

"अगंबाई, ही तर आमची मेट्रन! उद्या जाऊनच येते तिच्याकडे. त्या रस्त्याने चक्करही होईल," असं त्या मोठ्याने म्हणाल्या होत्या.

आणि रात्र उलटते न उलटते तोच फाईलला पाय फुटले.

"फोन किती वाजता आला साहेबांचा?" त्यांनी विचारलं.

"आठला. मी फ्रिजखाली झाडू घालत होतो."

"तू त्यांना कळवलं होतंस, फाईल नाही म्हणून?"

"मी कशाला? मी फक्त तुला फोन केला. हिने कळवलं असेल."

चहा गाळणारी भाचेसून गर्रकन वळली. "मी? माझ्याकडे त्या माणसाचा नंबरसुद्धा नाही! मला वाटलं तुम्हीच सांगितलं."

नवराबायको एकमेकांकडे बघत राहिले.

३

छोट्याला फोन लावला. तो गाडीवर होता. मागून हॉर्न वाजत होते.

"फाईल? होती की, ताई! साडेसहाला मी पाव ठेवला तेव्हा फ्रिजवरच होती. मी म्हणतो, त्या शिडीवाल्या म्हाताऱ्याला धरा. भावोजींनी फ्रँचायझी घेतली तर त्याचा धंदा बसतो. सरळ हिशेब आहे."

हिशेब खरंच सरळ दिसत होता. शिडीवाले वीस वर्षं त्या भागात काचा पुसत होते. बुधवारी ते भाच्याला जिन्यात भेटले होते आणि म्हणाले होते, "कर बाबा धंदा. पण माझ्या पोटावर पाय देऊन करू नकोस." आज सकाळी सातला ते पहिल्या मजल्याच्या या खिडकीबाहेर शिडीवर होते. फ्रिज खिडकीपासून हातभर.

"आता बोला," भाचेसून म्हणाली. "खिडकी उघडली, हात घातला, फाईल घेतली."

मुकादमबाई उठून खिडकीपाशी गेल्या. काच बाहेरून लखलखत होती. कोपऱ्यातसुद्धा साबणाचा थेंब नाही. हाडाचा कारागीर. मग त्यांनी आतली बाजू पाहिली. खिडकी आतल्या बाजूला उघडणारी होती. आणि आतल्या कट्ट्यावर सहा बरण्या ओळीने, काचेला अगदी चिकटून उभ्या होत्या.

त्यांनी एक बरणी उचलली. खाली धुळीत गोल वर्तुळ होतं, स्वच्छ, कडा न विस्कटलेलं. दुसरी उचलली. तेच.

"सूनबाई, रागावू नकोस, पण हा कट्टा कधी पुसलास?"

भाचेसून लाजली. "महिना झाला असेल."

"म्हणजे महिनाभर ही खिडकी उघडलेली नाही. उघडली असती तर सहाही बरण्या आत कोसळल्या असत्या. तुझ्या आळसाने आज एका म्हाताऱ्याची अब्रू वाचली, बघ."

"मग फाईल घेतली कुणी?" भाचा म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "मावशी, साडेसहाला ती होती. सातला शिडीवाल्यांनी नेली नाही. आठला नव्हती. मधल्या वेळात घरात आम्ही दोघंच."

"हो ना," मुकादमबाई पदर खोचत म्हणाल्या. "छोट्या खरं बोलत असेल, तर तुम्हा दोघांपैकीच एक चोर आहे."

४

मेट्रनबाईंनी दार उघडलं आणि दहा मिनिटं दोघी नुसत्या जुन्या वॉर्डांत फिरल्या. बारा नंबरमधली गळकी तोटी, संपाच्या आठवड्यात दोघींनी मिळून पुसलेला बाळंतिणींचा वॉर्ड. मग मुकादमबाईंनी विचारलं, "तुझ्या काचा कोण पुसतं गं?"

"शिडीवाले. सोळा वर्षं झाली."

"कंपनीशी काही बांधलंयस?"

"कुठल्या कंपनीशी? मला काय वेड लागलंय?"

"आणि खिडक्या किती?"

"अकरा. का गं?"

फाईलमध्ये सहा होत्या. मुकादमबाईंनी घराभोवती फेरी मारली. दर्शनी बाजूला सहा. मागे पाच: दोन स्वयंपाकघराच्या, तेलकट, एक न्हाणीघराची, दोन जिन्याच्या. ज्याने आयुष्यात एकदा तरी हे घर पुसलं असेल, तो या पाच विसरणार नाही. पुसताना घाम त्याच काढतात.

कोपऱ्यावरच्या घरापुढे शिडीवाले भेटले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून ते रबरी पट्टी फडक्याने कोरडी करत होते.

"आलात? मुकादमबाई, मी चोर आहे की नाही ते ठरलं का? बातमी आली माझ्यापर्यंत."

"ठरलं. तुम्ही नाही. हे घर आठ खिडक्यांचं ना?"

"समोरून आठ दिसतात. ती टोकाची खोटी आहे. बाहेरून काच, मागे भिंत. मालकाने आत कपाट केलं तेव्हा विटा लावून बुजवली. ती मी पुसत नाही. भिंतीला कुठे बाहेरचं बघायची हौस असते?"

फाईलमध्ये आठ लिहिल्या होत्या. म्हणजे या घराच्या आतही कुणी गेलं नव्हतं आणि शिडीही कुणी लावली नव्हती. रस्त्यावरून बोटांवर मोजलं आणि आकडे ठोकले! त्या कागदावर अठरा वर्षांची कमाई मागत होते. मुकादमबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "या भागात पैसे देऊन काचा पुसून घेणारी घरं किती?"

"सत्तावीस. अठ्ठाविसावं शोधायला मी वीस वर्षं फिरलो. लोक बाहेरगावी गेले की सत्तावीसची पंधरा होतात. एका माणसाचं पोट भरतं. दोघांचं भरणार नाही. हे मी तुमच्या भाच्याला जिन्यातच सांगायला पाहिजे होतं, पण वाटलं, म्हणेल म्हातारा स्वार्थाने बोलतोय."

पुढचं घर दातांच्या डॉक्टरांचं. तिथे मात्र मुकादमबाई अडल्या. फाईलमध्ये सात खिडक्या होत्या. पण पुढे डोक्याहून उंच भिंत होती. रस्त्यावरून वरच्या मजल्याच्या चारच दिसत होत्या. त्या टाचा उंचावून पाहू लागल्या, मग दोन पावलं मागे गेल्या. चारच.

"भिंतीमागे खाली तीन आहेत," शिडीवाले म्हणाले. "आणि मागच्या बाजूला सहा."

चार आणि तीन, सात. भिंतीमागच्या तीन दिसल्या, पण घरामागच्या सहा नाही. मोजणारा जमिनीवर उभा नव्हता. आणि आतही गेला नव्हता. असा कोण माणूस, जो रस्त्यावरच राहतो पण भिंतीपेक्षा उंच असतो?

तेवढ्यात मागून जोरात हॉर्न वाजला.

"मावशी! सोडू का घरी?"

पावाच्या गाडीच्या उंच सीटवरून छोट्या खाली वाकून हसत होता. त्याचं डोकं भिंतीच्या हातभर वर होतं.

५

शनिवारी अकराला स्वयंपाकघरात सगळे जमले. टायवाला कराराचे कागद मांडून बसला होता, टोपण काढलेलं पेन भाच्यापुढे ठेवून. छोट्या दाराला टेकून उभा होता. शिडीवाल्यांना मुकादमबाईंनी मुद्दाम बोलावून खुर्ची दिली होती. आरोप त्यांच्यावर झाला होता, तर निकालही त्यांनी ऐकायला हवा.

"बाई, वेळ कमी आहे," टायवाला म्हणाला.

"माझ्याकडेही. मी सत्तर ओलांडलीय," मुकादमबाई म्हणाल्या. "फाईल चोरणाऱ्याला तिची गरज नव्हती. ती कुणी वाचू नये, एवढीच त्याची गरज होती. गुरुवारी संध्याकाळी मी म्हणाले, उद्या त्या रस्त्याने चक्कर मारते. हे तिघांनीच ऐकलं. शिडीवाले तिथे नव्हते. त्यांच्यासाठी खिडकीही उघडली नाही, बरण्यांना विचारा."

टायवाल्याने घड्याळ पाहिलं.

"मग साहेबांचा आठचा फोन. फाईल हरवल्याचं तेव्हा घरातल्या दोघांनाच माहीत, मला नंतर कळलं. आमच्यापैकी कुणीही कळवलं नाही. म्हणजे ज्याने कळवलं, त्याला फाईल हरवल्याचं शोधाशोध व्हायच्या आधीच माहीत होतं. नेली त्यानेच. आणि साडेसहाला फाईल फ्रिजवर होती, असं सांगणारा एकच माणूस आहे."

"मावशी, तुम्ही काहीही..." छोट्या सरळ झाला.

"थांब. मी तुझ्यावर अजून आलेच नाही. ही बेचाळीस घरं कुणी मोजली? ज्याला मागच्या खिडक्या माहीत नाहीत. ज्याला भिंतीवर बसवलेली खोटी खिडकी खरी वाटली. आणि ज्याला डॉक्टरांच्या उंच भिंतीपलीकडचं बसल्या जागी दिसतं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले रे. उंटावरून खिडक्या मोजणारा तू पहिला!"

भाचेसून भावाकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "छोट्या?"

छोट्याचा सहा फुटांचा देह दारात एकदम छोटा झाला. टायवाल्याला परत द्यायला बनियनच्या आत, पोटाशी दडवलेली निळी फाईल त्याने बाहेर काढली.

"ताई, कंपनी दर घराचे पैसे देत होती. नुसतं लिहून द्यायचं, खिडक्या किती दिसतात. मला वाटलं, अंदाजच तर आहे. मग यांनी तुमच्यापुढे तेच कागद बांधलेली गिऱ्हाइकं म्हणून ठेवले. मी काही बोललो नाही. मावशी बघायला जाणार म्हटल्यावर यांनाच फोन केला, तर हे म्हणाले, फाईल उचल. पुढचं मी बघतो."

"माझ्या घरात!" भाचेसून ओरडली. "रोज तुझ्यासाठी सहाला उठून दार उघडते मी! आणि वर ह्या काकांना चोर म्हणालास, आणि मीही म्हणाले!"

टायवाल्याने शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"करारातलं चौदावं कलम वाचा. 'संभाव्य ग्राहक' असं छापलंय. आम्ही कुणालाही फसवलेलं नाही. धंद्यात जोखीम असते."

"जोखीम!" मुकादमबाई उठून उभ्या राहिल्या. "जोखीम शिडीवर चढणारा घेतो. तुम्ही सोफ्यावर बसून काय घेता? नोकरी गेलेली माणसं शोधून काढता, त्यांना मालक म्हणता, आणि दुसऱ्याची सोळा वर्षांची गिऱ्हाइकं त्यांना विकता. चोराला चोरी करायला लावता आणि चोरीचा दंड ज्याच्या घरात चोरी झाली त्याच्याकडून मागता! तुमच्यासारख्यांना आमच्या वेळी वॉर्डात चपला काढूनसुद्धा येऊ देत नव्हते."

टायवाला कागद गोळा करू लागला. भाच्याने आपल्यापुढची प्रत उचलली आणि सही न करताच घडी घालून परत दिली.

"मला नको."

"तुमची मर्जी. तुम्ही नाही तर दुसरं कुणी. हाच भाग मला चार वाजता द्यायचाय." आणि टायवाला निघून गेला. माफी नाही, ओशाळणं नाही. जिन्यात त्याने शीळसुद्धा घातली.

६

रक्कम वाचली होती. पण भाच्याकडे सोमवारी करायला काम नव्हतंच, आणि शिडीवाल्यांच्या हिशेबाने या रस्त्यावर ते मिळणारही नव्हतं. शिडीवाले एवढंच म्हणाले, "नदीपलीकडे नवीन इमारती झाल्यात. तिथे कोण पुसतं मला माहीत नाही. मागच्या खिडक्या मोजून बघ." भाच्याने मान हलवली. मग तो छोट्याकडे वळला.

"चार वाजता कोण?"

छोट्या फरशीकडे बघत राहिला.

"छोट्या, भावोजी काय विचारतायत?" बहिणीचा आवाज थंड होता.

"बेकरीतला भट्टीवाला," तो पुटपुटला. "डोळे गेले त्याचे धगीने, काम सोडलंय. बेकरीने जे दिलं, ते सगळं घालतोय. त्यालाही मीच..."

मुकादमबाईंनी कपाळाला हात लावला. घड्याळात पावणेबारा झाले होते.

भाचेसुनेने ओढणी घेतली, चपला घातल्या आणि भावाच्या खिशातून गाडीची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"गाडी काढ."

"ताई, तू फोन करून सांग ना. मी कुठल्या तोंडाने..."

"याच."

पावाच्या रिकाम्या खोक्यांमध्ये भाचा मागे बसला, पुढे दोघी बायका. त्या उंच सीटवरून मुकादमबाईंना सगळ्या रस्त्याच्या खिडक्या दिसत होत्या, चकचकीत, एका माणसाने पुसलेल्या.

भट्टीवाल्याचं घर तळमजल्यावर होतं. दारात इस्त्री केलेला पांढरा शर्ट हँगरला टांगला होता, चार वाजता घालायला. घंटा वाजताच त्याच्या बायकोने दार उघडलं. हात पिठाचे, चेहऱ्यावर हसू. आतून नवऱ्याचा आवाज आला, "आले का गं ते?"

"कंपनीकडून ना?" तिने उत्साहाने विचारलं. "लवकरच आलात! या, या. हे तयारच आहेत."

छोट्या एक पाऊल मागे सरकला. मागे बहीण उभी होती. ती सरकली नाही.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "कंपनीकडून नाही. तुमच्याकडेही तशीच एक निळी फाईल आहे ना? त्यातली यादी मी केलीय."